दोघींची कंपनी काढायची आहे : प्रा. लि., एलएलपी, की आहे तेच बरं?

रेघोट्या | ११ जून, सकाळी १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचते आहे, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी आणि माझी मैत्रीण मशीनच्या भागांची ड्रॉइंग करून देतो. कारखान्याकडून कधी हाताने काढलेलं स्केच येतं, कधी पिशवीत घालून तुटलेला भागच येतो. आम्ही मापं घेतो आणि कॅडमध्ये ड्रॉइंग करून पाठवतो. सहा वर्षं झाली. कागदोपत्री मात्र सगळं माझं एकटीचं आहे. बिलं माझ्या पॅनवर, जीएसटी माझ्या नावाने, चालू खातंही माझंच. मैत्रिणीचा वाटा मी महिन्याच्या शेवटी तिच्या खात्यात टाकते. आजवर कुणी काही विचारलं नाही.

आता एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे व्हेंडर म्हणून नोंद करायची आहे आणि त्यांच्या खरेदी विभागाने कळवलंय की प्रोप्रायटर चालणार नाही. तर प्रा. लि. काढावी, की एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी? ऑनलाइन फॉर्म भरून आपलं आपल्याला जमतं, की सीए लागतोच? ऑफिस नाही, माझ्या घरातली एक खोली आहे, तो पत्ता चालतो का? आणि कमीत कमी किती भांडवल दाखवावं लागतं? कुणी म्हणतं एक लाख, कुणी म्हणतं काहीच नाही.

बोरू | ११ जून, ११:०५

वाचतोय. मीही याच रस्त्यावर आहे, फक्त गेली चार वर्षं पहिल्याच चौकात उभा आहे.

टाचणी | ११ जून, दुपारी १२:३१

रेघोट्याताई, मी तीन वर्षांपूर्वी प्रा. लि. काढली. आधी सोप्या प्रश्नांची उत्तरं.

भांडवल : एक लाखाची किमान अट २०१५ च्या दुरुस्तीने गेली. आम्ही दहा हजारांवर सुरू केली. अधिकृत भांडवल (म्हणजे जास्तीत जास्त जितक्या रकमेचे शेअर कंपनी काढू शकते ते) १५ लाखांपर्यंत असेल तर नोंदणीच्या फॉर्मची सरकारी फी शून्य आहे. मुद्रांक शुल्क लागतंच, ते राज्यागणिक वेगळं.

पत्ता : घर चालतं. दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीजबिल आणि ज्याच्या नावावर जागा आहे त्याचं ना-हरकत पत्र. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर पत्र त्यांचं, नवऱ्याचं नाही. मी इथे आठवडा घालवलाय.

आपलं आपण : नावाचा अर्ज, म्हणजे स्पाइस प्लस या कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मचा भाग अ, स्वतः भरता येतो. भाग ब वर मात्र प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), कॉस्ट अकाउंटंट किंवा वकिलाची डिजिटल सही लागते. तेव्हा 'सगळं घरबसल्या स्वतः' हे विसरा.

आता नावाबद्दल. दोन नावं सुचवता येतात, फी हजार रुपये. दोन्ही नाकारली गेली आणि एकदा मिळणारी दुरुस्तीची संधीही वाया गेली की हजार गेले. आमचे गेले. भागीदाराला एक शब्द फार आवडला होता, त्या नावाची कंपनी आधीच होती. मग आम्ही हुशारी केली : शेवटी एक जादा 'ए' लावला. नाकारलं. नियम वाचला तेव्हा कळलं की अनेकवचन करा, शब्दांची उलटापालट करा, मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करा, पुढे गावाचं नाव किंवा आकडा जोडा, डॉट कॉम लावा, ते सगळं 'तेच नाव' धरतात.

फावल्या वेळात | ११ जून, १२:५०

दुसऱ्या भाषेत भाषांतर केलं तर?

टाचणी | ११ जून, १२:५८

तेही चालत नाही. नियमातच लिहिलंय. तुमच्यासारखे आधी होऊन गेलेत. :)

फावल्या वेळात | ११ जून, १३:०२

अरेरे. 'सूर्यप्रकाश'चं 'सनलाइट' करून मी लखपती होणार होतो.

काका_हिशेबवाले | ११ जून, सायंकाळी ६:१५

मी स्वतः सीए आहे, पण इथे गिऱ्हाइकं शोधायला येत नाही, तेव्हा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नयेत.

टाचणींनी लिहिलंय ते बरोबर. मला काळजी वेगळीच वाटते. कंपनी काढणं हा सोपा भाग झालाय. २०२० पासून एकाच फॉर्मात नाव, नोंदणी, डिन (डायरेक्टरचा ओळख क्रमांक), पॅन, टॅन (टीडीएससाठीचा क्रमांक) होतं, जोडीला बँक खातं, पीएफ आणि ईएसआयसीचे क्रमांकही. कागद नीट असतील तर काही दिवसांत प्रमाणपत्र येतं. लोक ते फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि तिथेच थांबतात.

पुढचं ऐका. ३० दिवसांत पहिला लेखापरीक्षक नेमायचा. १८० दिवसांत आयएनसी-२०ए भरायचा, म्हणजे भागधारकांनी कबूल केलेले पैसे कंपनीच्या खात्यात खरोखर जमा केलेत हे जाहीर करायचं. तो न भरता धंदा सुरू करता येत नाही आणि कंपनीला दंड ५० हजार. दहा हजारांच्या भांडवलापायी पन्नास हजार दंडाची वेळ आलेले लोक मी पाहिलेत. मग दरवर्षी ऑडिट, उलाढाल शून्य असली तरी. वार्षिक सभा, त्यानंतर ३० दिवसांत एओसी-४ (हिशेबाचा फॉर्म), ६० दिवसांत एमजीटी-७ए (वार्षिक विवरणपत्र).

रेघोट्या, तुमच्या कामाला खरंच प्रा. लि. हवी का? गिऱ्हाइकाच्या ईमेलमध्ये नेमका शब्द काय आहे : 'कंपनी', की 'नोंदणीकृत संस्था'?

उंबरठा | ११ जून, रात्री ९:४०

काकांच्या प्रतिसादाला माझ्याकडून एक जिवंत उदाहरण.

नोकरी सोडली, उत्साहात प्रा. लि. काढली. मी आणि भाऊ डायरेक्टर. आठ महिन्यांत कळलं की काम चालत नाही, दोघंही नोकरीला लागलो. कंपनी 'आपोआप बंद होईल' असं वाटलं. कुणी बिल पाठवत नव्हतं, कुणी दार वाजवत नव्हतं.

उशिराचं शुल्क दर फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म म्हणजे दिवसाला २००, वर्षाला ७३ हजार, आणि त्याला वरची मर्यादा नाही. आम्ही दोन वर्षांनी जागे झालो. पहिल्या वर्षाचे फॉर्म दोन वर्षं उशिरा, दुसऱ्याचे एक वर्ष. आकडा तुम्हीच काढा, मला पुन्हा टाइप करवत नाही. लागोपाठ तीन वर्षं भरलं नसतं तर दोघंही पाच वर्षांसाठी डायरेक्टर म्हणून अपात्र झालो असतो. आणि बंद करायलाही अर्ज, त्याचीही फी दहा हजार.

ज्या कंपनीने आयुष्यात एकूण चार बिलं केली तिच्यासाठी हे सगळं.

बोरू | ११ जून, ९:५२

मी चौकातच बरा आहे.

नदीकाठची | १२ जून, सकाळी ८:२०

इतकं घाबरवू नका हो. आमची सात वर्षं सुरळीत चालली आहे. तारखा कॅलेंडरवर लिहायच्या आणि एका माणसाला ठरावीक पैसे द्यायचे, संपलं.

मला सांगायचंय ते नावाचंच, पण माणसाच्या. माझ्या पॅनवर लग्नाआधीचं नाव, आधारवर लग्नानंतरचं, आणि बँकेत आडनाव आधी, मग माझं नाव, मग नवऱ्याचं. डिजिटल सहीवर पॅनमधलं नाव येतं. फॉर्ममध्ये वडिलांचं नाव विचारतात, लग्न झालेलं असलं तरी वडिलांचंच. मी मधल्या रकान्यात सवयीने नवऱ्याचं नाव टाकलं. परत. मग वडिलांचं नाव टाकलं, तर आधारशी जुळेना. परत. शेवटी आधी आधार आणि बँकेचं नाव बदलून घेतलं आणि मग पुन्हा सुरुवात. कंपनीला चार दिवस लागले, मला 'मी' व्हायला दोन महिने.

दोघींनीही आजच आपापली पॅन आणि आधार टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून पाहा. बाकी सगळं नंतर.

ओसरी | १२ जून, ८:४५

+१. आमच्या मातोश्रींच्या तीन कागदांवर तीन बायका आहेत.

पानगळ | १२ जून, ११:१०

थोडं अवांतर, पण कंपनी म्हणजे नेमकं काय याचा सगळ्यात गमतीचा खटला एका चांभाराचा आहे. लंडनमध्ये ॲरन सॉलोमन नावाचा बूट बनवणारा होता. त्याने आपला चालता धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. तेव्हा सात सभासद लागत, म्हणून बायको आणि पाच मुलांना एकेक शेअर दिला, बाकी २०,००१ स्वतःकडे. विक्रीच्या पैशातले काही कंपनीवर तारण-कर्ज म्हणून ठेवले. कंपनी बुडाली. इतर घेणेकरी म्हणाले, ही कसली कंपनी, हा तर सॉलोमनच. खालच्या कोर्टांनाही तसंच वाटलं. १८९७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कायद्याने नोंदली गेली ना, मग कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. आज आपण जे 'लिमिटेड' लावतो त्याचा सगळा जोर या निकालात आहे.

काका_हिशेबवाले | १२ जून, १२:०५

छान आठवण. पण सॉलोमनला आजची बँक भेटली नव्हती. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक डायरेक्टरची वैयक्तिक हमी घेते. सही केलीत की बँकेपुरती ती भिंत गेली.

रेघोट्या | १२ जून, दुपारी ३:३०

बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. नदीकाठची, पॅन-आधार जुळवले. माझं ठीक, मैत्रिणीच्या आधारवर वडिलांच्या नावात 'व' च्या जागी 'डब्ल्यू' आणि पॅनवर 'व्ही' आहे.

काका, नेमका शब्द विचारून घेते. फोनवरच बोलणं झालं होतं, ईमेल किंवा लेखी काही आलेलं नाही.

टोकदार | १२ जून, ४:१०

लेखी आलेलं नसताना कंपनी काढायला निघालात? धन्य आहे.

माझं मत : साधी भागीदारी करा. १९३२ चा कायदा आहे, स्टॅम्प पेपरवर करारनामा, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद. ना डिजिटल सही, ना वार्षिक फॉर्मची कटकट. जग याच्यावर चाललंय.

लिंबलोण | १२ जून, ४:४८

टोकदार, साध्या भागीदारीत देणं दोघींच्या घरादारापर्यंत येतं. ड्रॉइंगमध्ये एका मापाची चूक झाली आणि गिऱ्हाइकाने शंभर नग त्यावर कापले तर? इथेच एलएलपी कामाला येते. २००८ चा कायदा. जबाबदारी मर्यादित, आणि उलाढाल ४० लाख व भांडवल २५ लाखांपेक्षा जास्त नसेल तर ऑडिटची सक्ती नाही. वर्षाला दोन फॉर्म : ११ नंबर ३० मेपर्यंत, ८ नंबर ३० ऑक्टोबरपर्यंत. तोटा असा की नफ्यावर सपाट ३० टक्के कर, आणि उद्या गुंतवणूकदार आणायचा तर त्याला प्रा. लि. च हवी असते.

टोकदार | १२ जून, ५:०५

ज्याने चुकीचं ड्रॉइंग काढलं त्याची स्वतःची जबाबदारी एलएलपीतही सुटत नाही. कायदा वाचा.

लिंबलोण | १२ जून, ५:१३

मान्य. पण तिच्या चुकीसाठी हिचं घर जात नाही. साध्या भागीदारीत जातं. माझा मुद्दा तेवढाच.

काका_हिशेबवाले | १२ जून, रात्री ८:३०

दोघांचंही बरोबर आहे, आता भांडू नका.

एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून मीच काढतो. रेघोट्या, तुम्ही लिहिलंय 'मैत्रिणीचा वाटा टाकते'. हा वाटा किती? तो पगार आहे की नफ्यातला हिस्सा? दोघी मिळून धंदा करता आणि नफा वाटून घेता, तर कागद नसला तरी भांडणाच्या दिवशी कुणीतरी म्हणू शकतं की तुम्ही भागीदारच आहात. आणि भागीदारीत काही ठरलेलं नसेल तर कायदा वाटा समसमान धरतो. एलएलपीतही तसंच : करार केला नाही तर कायद्याची पहिली अनुसूची लागू होते. नफा-तोटा सारखा, आणि केलेल्या कामाचा वेगळा मोबदला शून्य.

प्रा. लि. असो की एलएलपी, फॉर्ममध्ये तुमच्या दोघींच्या नावापुढे आकडा लिहावा लागणार. तो ठरलाय का?

रेघोट्या | १२ जून, रात्री ११:५०

नाही. साठ-चाळीस देते. तिने कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. सॉफ्टवेअरचे पैसे मी भरते, गिऱ्हाइकांचे फोन मी घेते, म्हणून. पण मापं घेण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. व्हर्नियर हातात घेतली की डोळे मिटूनही सांगेल.

चहाटळ | १३ जून, सकाळी ७:३०

पन्नास-पन्नास करू नका असं सगळे सांगतात. माझा अनुभव ऐका. दोन मित्र, प्रा. लि., निम्मे-निम्मे शेअर. तिसऱ्या वर्षी एका मशीनवरून बिनसलं. एक म्हणे घ्यायचं, दुसरा म्हणे नाही. दोन डायरेक्टर, दोन मतं, ठराव होईना. सहा महिने ऑफिसात एकमेकांना ईमेल करायचो, टेबलं समोरासमोर. अखेर मी माझे शेअर त्याला विकून बाहेर पडलो. तिढा पडला तर काय करायचं हे बरं चाललेलं असताना लिहून ठेवा.

ओसरी | १३ जून, ७:५५

हे कंपनीबद्दल आहे की लग्नाबद्दल?

चहाटळ | १३ जून, ८:०१

लग्नात वार्षिक फॉर्म नसतात.

नदीकाठची | १३ जून, १०:४०

अजून दोन गोष्टी, कोणती का संस्था काढेनात. एक, नवी संस्था म्हणजे नवा पॅन, त्यामुळे जीएसटीही नवा. ताईंचा जुना जीएसटी नंबर नव्या संस्थेच्या नावावर 'फिरवता' येत नाही. जुन्या बिलांचा टीडीएस जुन्या पॅनवरच येत राहील, गिऱ्हाइकांना तारीख ठरवून कळवा. नाहीतर निम्मे पैसे इकडे, निम्मे तिकडे.

दुसरं, नोंदणी झाली की फोन सुरू होतात. ट्रेडमार्क घ्या, अमुक प्रमाणपत्र घ्या, 'उद्यम'ची फी भरा. उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर फुकट आहे. ट्रेडमार्क खरोखर वेगळा विषय आहे, कंपनीचं नाव मिळालं म्हणजे ब्रँड आपला झाला असं नाही. पण तो फोनवरच्या माणसाकडून घेऊ नका.

फावल्या वेळात | १३ जून, ११:२५

फॉर्मात फोन नंबर नवऱ्याचा द्यावा का?

टाचणी | १३ जून, ११:४०

ओटीपी त्याच्याकडे जातील आणि तो मीटिंगमध्ये असेल. नका.

बोरू | २ जुलै, सायंकाळी ७:१०

रेघोट्या, पुढे काय झालं? धागा वर काढतोय.

रेघोट्या | ९ ऑगस्ट, रात्री १०:२०

उशिराबद्दल सॉरी. एलएलपी झाली.

खरेदी विभागाकडून लेखी मागवलं. शब्द होता 'नोंदणीकृत संस्था, भागीदारी चालेल'. टोकदार, तुमचं बरोबर निघालं, साधी भागीदारीही चालली असती. पण शंभर नगांचं उदाहरण डोक्यातून जाईना. आमच्याकडे मागे एकदा पाच नग तसे गेले होते.

नोंदणीचा फॉर्म पहिल्याच फटक्यात मंजूर झाला, त्याचं श्रेय 'व' आणि 'डब्ल्यू' बघायला लावणाऱ्या नदीकाठचीला. दीड आठवडा आधार दुरुस्तीत गेला तेवढाच.

अडकलो ते करारावर. नोंदणीनंतर ३० दिवसांत एलएलपी करार करून फॉर्म ३ भरावा लागतो. आम्ही दोन रविवार बसलो आणि उठलो. पहिल्या रविवारी मी 'साठ-चाळीसच ठेवू या' म्हणाले आणि ती 'चालेल' म्हणाली, तिच्या त्या आवाजात. मग दोघी बाकीच्या कलमांवर बोलत राहिलो, खात्यावर सही कुणाची, एखादी सोडून गेली तर गिऱ्हाइकं कुणाची. दुसऱ्या रविवारी तिने वही आणली. सहा वर्षांत तिने किती ड्रॉइंग केली, किती मापं घेतली, महिन्यागणिक. मला माहीतच नव्हतं की ती लिहून ठेवते. मीही माझी फोनची आणि सॉफ्टवेअरची यादी काढली. मोठ्याने वाचताना दोघींनाही हसू आलं, रडूही.

नफा समसमान ठेवलाय. गिऱ्हाइकं आणि हिशेब सांभाळण्याचा वेगळा ठरावीक मोबदला मला, मापं आणि अंतिम तपासणीचा तिला, दोन्ही करारात लिहून. सॉफ्टवेअर आता एलएलपीच्या पैशाने. तिढा पडला तर कुणाला विचारायचं त्या तिसऱ्या माणसाचं नाव लिहिलंय. चहाटळ, ते कलम तुमच्यामुळे.

फॉर्म ३ अठ्ठाविसाव्या दिवशी गेला.

चहाटळ | ९ ऑगस्ट, १०:३१

समोरासमोर टेबलं ठेवू नका फक्त.

टोकदार | १० ऑगस्ट, सकाळी ९:००

अभिनंदन. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे कमालच केलीत.

काका_हिशेबवाले | १० ऑगस्ट, ९:४५

अभिनंदन दोघींचं. ३० मे आणि ३० ऑक्टोबर आत्ताच कॅलेंडरवर लिहा. तिच्या वहीतच लिहून ठेवा, ती हरवणार नाही.

बोरू | १० ऑगस्ट, १०:०२

आज डिजिटल सहीचा अर्ज केला. पॅनवर मी 'आर', आधारवर 'रा'.